माझ्या गेलिकच्या बाई

माझ्या खोलीकडे मुलं पाय ओढत यायची. सिंगापूरमध्ये बुकित तिमाहच्या आमच्या आंतरराष्ट्रीय शाळेत लायब्ररीच्या मागे नकाशे आणि बिघडलेले पंखे ठेवायची एक जागा होती, ती मला मिळाली होती. दारावर 'लर्निंग सपोर्ट' अशी पाटी. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाच आत पाठवायचे, त्यामुळे पाटी वाचून कोणी आलं असं कधी झालं नाही.

इथल्या मराठी मंडळींत माझी ओळख 'ढ मुलांच्या बाई' अशी. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण गणपतीच्या आरतीनंतर एखादी आई बाजूला घेते आणि आवाज खाली करून विचारते, "सुनीताताई, तुमच्याकडे येणारी मुलं पुढे सुधारतात का हो?" मी म्हणते, "मुलं चांगलीच असतात. वाचन सुधारतं." मग ती हळूच म्हणते, "आमच्या अर्णवचं जरा तसंच चाललंय." असे कितीतरी अर्णव मी पाहिले. त्यातला एक पुण्याहून नुकता आलेला, इतका हुशार की वर्गातली सगळी पुस्तकं त्याने दुसऱ्या मुलांचं ऐकून पाठ केली होती. माझ्यासमोर बसून त्याने एक अख्खं पुस्तक घडाघडा वाचलं. पुस्तक उलटं धरलं होतं.

या नोकरीत निम्मा वेळ गप्प बसून ऐकायचं असतं. मूल वाचतं, अडखळतं, चुकतं, आणि आपण ते कुठे चुकलं हे टिपत राहायचं. चूक दुरुस्त करायची घाई करायची नाही. कारण चुकांचे दोन प्रकार असतात. एक, आज अशी, उद्या तशी. दुसरी, दर वेळी अगदी तीच. जी दर वेळी तीच असते ती बहुधा चूक नसतेच. त्या मुलाकडे कुठला तरी नियम असतो, फक्त तो आपल्याला माहीत नसतो.

हे मला नीट कळलं ते एलीमुळे. आणि श्रीकांतचे मित्र ज्यावरून अजून माझी चेष्टा करतात, ते गेलिक भाषेचं प्रकरणही तिच्यामुळेच माझ्या मागे लागलं. श्रीकांत म्हणजे माझा नवरा. मरीन इंजिनिअर, त्याच्या जहाजांमुळे आम्ही कऱ्हाड सोडून सिंगापूरला आलो आणि तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये कायमचे राहिलो.

एली सात वर्षांची होती. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात बेटांची एक रांग आहे, त्यातल्या साउथ उइस्ट नावाच्या बेटावरून ती आली होती. वडील तेलविहिरींना सामान पोचवणाऱ्या जहाजांवर इंजिनिअर. महिनाभर समुद्रावर, महिनाभर घरी. तिच्या वर्गशिक्षकांनी, ग्रेगने, माझ्याकडे पाठवताना तीन तक्रारी सांगितल्या. एक, बोलते छान, पण वाचता अजिबात येत नाही. दोन, लिहिते ते काहीच्या काही. तीन, नावाने हाक मारली तर बघत नाही, तेव्हा कानही तपासून घ्यावेत.

तिसऱ्या तक्रारीचा निकाल पाच मिनिटांत लागला. तिच्या नावाच्या शेवटी डी आणि एच अशी दोन अक्षरं होती, आणि ग्रेग तिला इमानेइतबारे 'आयलिड' म्हणत होता.

"तुझं नाव कसं म्हणायचं?" मी विचारलं.

"एली."

"मग सरांना सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी विचारलं नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, इथे माझं नाव बदललंय."

हे ती तक्रारीच्या सुरात म्हणाली नव्हती. शाळा बदलली, हवा बदलली, एसीत स्वेटर घालायचा आणि बाहेर आल्यावर काढायचा असा उलटा प्रकार सुरू झाला, तसंच नावही बदललं असेल, असा तिने समज करून घेतला होता.

आमच्याकडे वाचन तपासायची एक युक्ती असते. खऱ्या शब्दांबरोबर बिनअर्थाचे, बनवलेले शब्दही वाचायला द्यायचे. म्हणजे पाठांतर चालत नाही, अंदाज चालत नाही, अक्षरांनाच सामोरं जावं लागतं. मी एलीपुढे कार्डं ठेवली. 'सिप' या शब्दाचं कार्ड तिने उचललं आणि वाचलं, "शिप." मग 'शिप'चं कार्ड उचललं. वाचलं, "हिप." मी कार्डं पिसून परत दिली. सिपचं शिप, शिपचं हिप. दुसऱ्या दिवशीही तेच. 'धिस' लिहिलेलं तिने 'हिश' वाचलं, आणि गणित या अर्थाचं 'मॅथ' नुसतंच 'मा'. एकदाही डळमळली नाही. मी मात्र डळमळले. इतकी शिस्तशीर चूक मी नोकरीत पाहिली नव्हती.

"एली, तुला वाचायला कुणी शिकवलं?"

"शाळेत. घरच्या शाळेत."

"मग तुला वाचता येतं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच ऐकायला कमी येतं म्हणून पाठवलेली आहे. "येतं ना. पण तुमच्याकडे पुस्तकं नाहीत."

खोलीत चारी भिंतींना पुस्तकं होती. मी म्हटलं, "उद्या तुझं पुस्तक घेऊन ये."

तिने आणलं ते सीलच्या पिल्लाचं एक पातळ पुस्तक होतं. खुर्चीवर मांडी घालून बसली आणि वाचायला लागली. मला त्यातला एक शब्द कळला नाही, तरी वाचणारं मूल कसं असतं ते मला कळतं. ती थांबत होती ती पूर्णविरामाला. पिल्लू बोलायला लागलं की आवाज बारीक करत होती. एका ठिकाणी वाचता वाचता स्वतःशीच हसली आणि पान उलटायच्या आत बोट कोपऱ्यावर नेऊन ठेवलं. ज्या मुलीला वाचता येत नाही म्हणून वर्गाबाहेर काढायचं चाललं होतं, ती तिच्या वयाच्या कुठल्याही मुलापेक्षा सरस वाचत होती. फक्त तिच्या बेटावरच्या भाषेत, गेलिकमध्ये.

मी संध्याकाळी घरी जाऊन शोधलं तेव्हा उलगडा झाला. त्या बेटांवर काही शाळांत मुलांना पहिली दोन-तीन वर्षं सगळं गेलिकमध्येच शिकवतात. इंग्रजी वाचन त्यानंतर सुरू होतं. एली नेमकी त्या उंबरठ्यावर असताना विमानात बसली होती. लिपी तीच, रोमन, पण नियम वेगळे. गेलिकमध्ये एसच्या शेजारी आय आला की त्याचा श होतो, आणि एसला एच लावला की एस गप्प बसतो, उरतो फक्त ह. टीला एच लावला तरी तेच. एली प्रत्येक शब्द नियमाने वाचत होती. दुसऱ्या घराच्या नियमाने.

ती कोरियाची किंवा जपानची असती तर पहिल्याच दिवशी आम्ही विचारलं असतं, घरी कुठली भाषा बोलता? पण ती ब्रिटिश पासपोर्टवर आलेली, इंग्रजी अस्खलित बोलणारी मुलगी. तिची घरची भाषा निराळी असू शकते, हे कोणाच्या मनातच आलं नाही.

तिच्या आईला, कात्रीनाला, बोलावलं. उंच, घाईघाईने बोलणारी बाई. प्रवेशाच्या वेळी तिने घरची भाषा इंग्रजी अशी सांगितली होती.

"गेलिक म्हटलं असतं तर तुम्ही तिला इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या वर्गात घातलं असतं," ती म्हणाली. "आणि वाचनाचं मला वाटलं, येईल आपोआप. तिकडे सगळ्यांना येतं." मग थांबून म्हणाली, "पण आता ठरवलंय मी. घरातलं गेलिक बंद. तिचा बाबा परत आला की त्यालाही सांगणार आहे. एका भाषेसाठी पोरीचं नुकसान नको."

ती हे ठामपणे बोलली, पण बोलताना पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत होती.

मी त्या वेळी तिला फार काही सांगू शकले नाही. कारण वरच्या ऑफिसात दुसरंच शिजत होतं. टर्म संपली की एलीला एक इयत्ता खाली बसवावं आणि शिकण्यातल्या दोषाची रीतसर तपासणी करावी, असा विचार होता. मी प्राथमिक विभागाच्या प्रमुख मिसेस तान यांच्याकडे गेले. या बाई सिंगापूरच्याच, कडक, बोलणं मोजकं. मी सगळं सांगितलं आणि एक टर्म मागितली. इयत्ता खाली नको, कपाळावर शिक्का नको, आणि आईने घरचं बोलणं बंद करू नये असं शाळेनेच तिला सांगावं.

"गेलिकवरून इंग्रजीवर आणणार तुम्ही तिला?" मिसेस तान म्हणाल्या. "तुम्हाला गेलिक येतं?"

"नाही."

"मग?"

"शिकेन."

त्या जराशा हसल्या. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "माझी आजी फक्त तिओच्यू ही चिनी बोली बोलायची. आम्हाला शाळेत मँडरिन आणि इंग्रजी. घरीही तेच बोला म्हणून सांगायचे. आजी शेवटी दवाखान्यात होती तेव्हा मी तिच्याशी हातवारे करून बोलत होते, लाह. स्वतःच्या आजीशी." मग चष्मा लावला. "एक टर्म. त्यानंतर मला वाचणारी मुलगी दाखवा."

असं माझं गेलिक सुरू झालं. दर शनिवारी संध्याकाळी, तिकडे सकाळ असताना, लॅपटॉपवर वर्ग भरायचा. वर्गात कॅनडातला एक शेतकरी, जर्मनीतली दोन कॉलेजची मुलं आणि तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये खिचडीचा कुकर बंद करून येऊन बसलेली मी. पन्नाशी उलटल्यावर विद्यार्थी होणं काय असतं, ते प्रत्येक शिक्षकाने एकदा अनुभवावं. शिक्षकांनी प्रश्न विचारला की मी स्क्रीनवरच खाली वाकून पेन शोधायची. माझ्या खोलीतली मुलं नेमकं हेच करायची आणि मी त्यांना म्हणायची, "पेन नंतर, आधी माझ्याकडे बघ."

पण भाषेने मला पहिल्याच दिवशी आपलंसं केलं. गेलिकमध्ये 'मी'ला 'मी'च म्हणतात. खरंच. 'हा मी' म्हणजे 'मी आहे'. पहिल्या धड्यात आम्हाला ओळख करून द्यायची होती, तर मी म्हटलं, "हा मी आ कऱ्हाड," म्हणजे मी कऱ्हाडची आहे. श्रीकांत आतून ओरडला, "कोणाशी मराठीत बोलतेयस?" चांगल्याला 'वा' म्हणतात, फार चांगल्याला 'ग्ले वा'. सुप्रभात म्हणजे 'मातिन वा'. 'हो' आणि 'नाही' यांना शब्दच नाहीत. 'दमलीस का?' असं विचारलं तर 'दमले' असंच उत्तर द्यायचं. आपणही 'जेवलात का?'ला 'जेवलो' म्हणतो, तेव्हा मला काही अवघड गेलं नाही. जर्मन मुलं हवालदिल झाली होती.

उच्चारांनी मात्र घाम काढला. घशातून येणारा तो ख मला उर्दू गझल ऐकून थोडा येत होता, पण एक स्वर असा आहे की तो ना उ ना ई. शिक्षकांनी आकृती काढून जिभेची जागा दाखवली. काही उपयोग झाला नाही. शेवटी एलीला विचारलं.

"सोपं आहे," ती म्हणाली. "आधी हसा. तसंच हसत राहा आणि ऊ म्हणा."

मी हसत ऊ म्हटलं. आला स्वर. आजवर जिभेच्या जागा शिकवणाऱ्या मला हे सुचलं नव्हतं.

आमचं काम असं चालायचं. टेबलावर मी दोन पुठ्ठ्यांची घरं मांडली होती, एक गेलिकचं, एक इंग्रजीचं. अक्षरांच्या जोड्या कार्डांवर. एस-एच या घरात राहायला आला की ह म्हणतो, त्या घरात गेला की श म्हणतो. माणूस तोच, पण आजोळी वेगळा वागतो आणि शाळेत वेगळा. हे एलीला लगेच पटलं, कारण ती स्वतः तसंच करत होती. कार्ड उचलायचं, कुठल्या घरचं ते आधी ठरवायचं, मग वाचायचं. मी गेलिकच्या घरात चुकायची, ती इंग्रजीच्या. मी चुकले की तिला फार आनंद व्हायचा. "खान ए!" म्हणजे 'नव्हे!', असं ती टेबलावर बोट आपटून म्हणायची. मग "अ रीश्च," परत म्हण. गेलिकमध्येही आपल्यासारखं तू आणि तुम्ही असतं. सुरुवातीला ती मला 'तुम्ही' म्हणायची. काही आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं, इंग्रजीच्या घरी बसलो असताना मी तिच्या बाई होते, पण गेलिकच्या घरी गेलो की मी 'तू' झाले होते.

पुन्हा तिथेच माझं नावही बदललं. हाक मारताना गेलिकमध्ये नावाचं पहिलं अक्षर मऊ होतं, आणि एसने सुरू होणाऱ्या नावातला स उडून ह होतो. एक दिवस कार्ड शोधत होते, तर मागून हाक आली, "अ हुनीता!" मी वळून पाहिलं. ती म्हणाली, "बघ, तुला तुझं नाव कळलं."

टर्म संपत आली तेव्हा मिसेस तान खोलीत येऊन बसल्या. एलीने त्यांना एक गोष्ट इंग्रजीत वाचून दाखवली. दोन ठिकाणी अडली, विचार करून पुढे गेली. मिसेस तान उठल्या, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गेल्या. त्यांच्याकडून हे फार होतं. इयत्ता खाली बसवायचा विषय पुन्हा निघाला नाही.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती, म्हणजे मला छान वाटलं असतं. पण वाचायला लागलेलं मूल थांबत नाही. एलीने इंग्रजीचा फडशा पाडायला सुरुवात केली. सिरिअलचे डबे, एमआरटी मेट्रोतल्या सूचना, हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या दुकानांच्या पाट्या, मैत्रिणींच्या टीशर्टवरचं लिहिलेलं. बोलणंही बदललं. चार महिन्यांत तिच्या वाक्यांच्या शेवटी इथल्या इंग्रजीचं शेपूट, 'लाह', आलं. मी कॉरिडॉरमध्ये "मातिन वा, एली" म्हटलं, तर ती मैत्रिणीकडे बघून पुटपुटली, "इंग्लिश, कॅन?" म्हणजे, इंग्रजीत चालेल ना?

मग कात्रीना आली. या वेळी बोटाभोवती पर्सचा पट्टा नव्हता, पण चेहरा पहिल्यापेक्षा पडलेला होता.

"तुमच्या सांगण्यावरून आम्ही घरी गेलिकच बोलतो," ती म्हणाली. "पण ती उत्तर इंग्रजीत देते. रविवारी माझ्या आईला व्हिडिओ कॉल करतो, तर एक शब्द बोलते आणि पळते. आईला इंग्रजी येतं, पण नातवंडांशी ती आयुष्यात इंग्रजी बोललेली नाही. काल फोन ठेवताना म्हणाली, पोरगी मोठी झाली बहुतेक."

वाचन सुधारलं, हे मी इतर आयांना सांगते तसं तिलाही सांगू शकले असते. सांगितलं नाही. माझ्या स्वतःच्या मुलाचं मराठी 'आई, आय ॲम होम'पर्यंत येऊन थांबलंय. तो मेलबर्नला असतो आणि आजीशी बोलताना मला मधे बसवतो. कात्रीना काय सांगते आहे ते मला शब्दकोशाशिवाय कळत होतं.

एलीचं नाव आता माझ्या मुलांत नव्हतं. तिला बोलवायला मला काही अधिकार नव्हता. पण माझी एक अडचण खरीच होती. माझ्या गेलिकच्या अभ्यासक्रमाची तोंडी परीक्षा आली होती आणि बोलायला माझ्याजवळ कोणी नव्हतं. मधल्या सुट्टीत मी एलीला गाठलं. ती तिच्या मैत्रिणीबरोबर, हुई मिनबरोबर, डब्यातला लाक्सा फ्लेवरचा चिवडा खात होती.

"एली, माझी परीक्षा आहे. गेलिकची. मी नापास होणार आहे."

"यूट्यूबवर बघा," ती म्हणाली.

"यूट्यूब माझ्या चुका काढत नाही."

ती चिवडा खात राहिली. पण हुई मिनचे डोळे मोठे झाले. "तुला बाईंच्या चुका काढता येतात? टीचरच्या?"

"खूप," एली म्हणाली.

"सीक्रेट लँग्वेजमध्ये? वाह, सो शिओक, एकदम भारी! मला पण बघायचंय, लाह."

एलीने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग डबा बंद केला. "उद्या. मधल्या सुट्टीत. आणि तू लवकर ये," हे शेवटचं गेलिकमध्ये, 'तू' म्हणून.

त्यानंतर रोज मधल्या सुट्टीत माझ्या खोलीत शाळा भरू लागली. एली खुर्चीवर उभी, मी आणि हुई मिन खाली बसून. हुई मिनचे उच्चार माझ्यापेक्षा चांगले निघाले, हे एली मला रोज सांगायची. गृहपाठ द्यायची. शुक्रवारी मी गृहपाठ केला नव्हता, पालकसभा होती, तर तिने कमरेवर हात ठेवून विचारलं, "कशाला मग शिकतेस?" हे वाक्य मी माझ्या आयुष्यात कोणाला म्हटलं नाही, आणि बरं झालं म्हटलं नाही, कारण फार लागतं.

परीक्षा झाली. लॅपटॉपवरच, शनिवारी. परीक्षक एक मृदू आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, काल काय केलंत? मला सगळं येत होतं. पण काळ भूतकाळ, क्रियापद वाक्याच्या पुढे, आणि घड्याळ चालू. माझ्या तोंडातून जे निघालं ते शुद्ध मराठी होतं, "काल, काल मी, अहो थांबा हं एक मिनिट." परीक्षक अगदी आदराने म्हणाले, "ही कुठल्या बेटाची बोली?"

नापास झाले. वाचन, लेखन, सगळं उत्तम, बोलण्यात नापास. श्रीकांतने त्या संध्याकाळी न विचारता बाहेरून चिकन राइस आणला. मी जेवले आणि लवकर झोपले.

दुसऱ्या दिवशी रविवारी कात्रीनाने समजूत घालायला चहाला बोलावलं. मी एलीला निकाल सांगितला. मला वाटलं ती म्हणेल, सांगितलं होतं ना, गृहपाठ कर. ती लाल झाली. कानापर्यंत. तेवढ्यात आजीचा नेहमीचा कॉल आला. कात्रीनाने फोन टेबलावर टेकवला, आणि एली, जी महिनोन्महिने एका शब्दावर पळत होती, ती फोन हातात घेऊन सुटलीच. इतकं, इतक्या वेगाने, की मला अर्धंच कळलं. माझं नाव होतं त्यात. परीक्षा होती. 'अमदान' हा शब्द दोनदा आला. त्याचा अर्थ मूर्ख, आणि तो त्या बिचाऱ्या परीक्षकांसाठी होता. मला सगळं येतं, तिने स्वतः शिकवलंय, हुई मिनला विचारा, त्या माणसाने घाई केली, आणि घाई केली की कुणाला येतं? आजी मधेमधे फक्त "हूं" म्हणत होती. कात्रीना चहाची किटली हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हलली नाही.

एली दम घ्यायला थांबली तेव्हा आजी काहीतरी म्हणाली आणि एलीने फोन माझ्यापुढे धरला. "तुला बोलावतेय."

पांढरे आखूड केस, स्वेटर, मागे खिडकीत करडं आकाश. आजीने सावकाश विचारलं, कुठली तू?

"हा मी आ कऱ्हाड."

तिकडे मेंढ्या आहेत का?

मेंढ्या नाहीत, म्हटलं, पण माझ्या माहेरी म्हशी होत्या. म्हणजे म्हणायचं होतं. म्हशीला गेलिक शब्द मला येईना. एलीकडे पाहिलं, तिलाही येईना. एली म्हणाली, "बो घू," काळी गाय. आजीने विचारलं, काळी गाय दूध किती देते? मी सांगितलं. खूप घट्ट, साय येते, हे हाताने दाखवत सांगितलं. आजीला सायीत फार रस होता. त्यावरून लोण्यावर गेलो, लोण्यावरून तिच्या आईच्या हाताच्या लोण्यावर. माझ्या चुका होत असतील, पण मी कुठेही घड्याळ पाहिलं नाही. शेवटी आजी एलीकडे वळली आणि म्हणाली, "हिला बोलता येतं. तू आणखी शिकव."

त्या रविवारनंतर एली कॉलवरून पळाली नाही. आजीला रोजचा अहवाल लागायचा, हुनीताने आज काय चूक केली. चुका मी भरपूर पुरवत होते.

एली आणखी एक वर्ष होती, मग वडिलांचं काम संपलं आणि ते परत गेले. आता ती तिकडच्या हायस्कूलमध्ये आहे. कधी फोन करते, तेव्हा आम्ही अजून तिच्या आजीच्याच भाषेत बोलतो, आणि अधूनमधून मुद्दाम 'लाह' लावतो. मी निवृत्त झाले तेव्हा शाळेने छान घड्याळ दिलं. पण माझ्या नोकरीत मला जे मिळालं ते मोजायचं झालं तर मला वेगळी गोष्ट आठवते.

ती गेली त्याच्या काही महिने आधी मी पुन्हा परीक्षेला बसले. या वेळी परीक्षक एक बाई होत्या. माझ्या कामाबद्दल विचारलं, मी बोलले. हवेबद्दल विचारलं, बोलले. मुलांबद्दल विचारलं, तिथे तर त्यांनाच मला थांबवावं लागलं. परीक्षा संपली, पण त्यांनी कॉल बंद केला नाही.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही साउथ उइस्टला किती वर्षं होता?"

"मी तिथे कधीच गेले नाही."

"कसं शक्य आहे? हे उच्चार तिथले आहेत. आता असे फक्त म्हातारी माणसं बोलतात. माझी मावशी असं बोलायची."

मी सांगितलं, मला एका आठ वर्षांच्या मुलीने शिकवलं, आणि तिला तिच्या आजीने.

 त्या म्हणाल्या, "तुमच्या बाईंना सांगा, त्यांनी उत्तम शिकवलंय."

सोमवारी मधल्या सुट्टीत मी मैदानावर गेले. एली लोखंडी बारवर गुडघे अडकवून उलटी लटकत होती, केस वाळूला टेकलेले. परीक्षक बाई काय म्हणाल्या ते मी तिला सांगितलं, शब्दन् शब्द, गेलिकमध्ये.

ती तशीच उलटी, डोळे मिटून म्हणाली, "हा फिस अकम."

म्हणजे, मला ठाऊक आहे.